सारखे दिसणारे इंग्रजी शब्द आणि त्यांची घराणी

नोकरीच्या अर्जासोबत पाठवायचं एक पत्र ओळखीतल्या एका मुलाने मला वाचायला दिलं होतं. पत्र मेहनतीने लिहिलेलं होतं आणि कॉम्प्युटरने एकाही शब्दाखाली लाल रेघ काढलेली नव्हती. तरी मी तीन ठिकाणी अडलो. 'ही संधी मला गमवायची नाही' असं त्याला म्हणायचं होतं, पण 'लूज' हा शब्द त्याने दोन 'ओ' घालून लिहिला होता. त्यामुळे संधी गमावण्याऐवजी सैल होत होती. 'माझी तत्त्वं' लिहिताना प्रिन्सिपलचा शेवट 'ए-एल' असा केला होता, म्हणजे तत्त्वांच्या जागी प्राचार्य आले होते. आणि 'माझी कौशल्यं तुमच्या कामाला पूरक ठरतील' या वाक्यातल्या कॉम्प्लिमेंटमध्ये 'ई'च्या जागी 'आय' पडला होता, त्यामुळे कौशल्यं कामाची स्तुती करू लागली होती.

चुका दाखवल्यावर तो म्हणाला, "काका, या जोड्या मी किती वेळा पाठ केल्यात. परीक्षेपुरत्या राहतात, मग पुन्हा उलटसुलट होतात."

त्याचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि यात दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टी एकदम, शेजारी-शेजारी मांडून पाठ केल्या की डोक्यात त्यांची जोडी पक्की बसते, पण कोण कुठला हे बसत नाही. भाषाशास्त्रज्ञ बातिया लाउफर यांनी अशा शब्दांना 'सिनफॉर्म' असं नाव दिलं आणि त्यांचे प्रकार पाडले. कुठे एखादा स्वर वेगळा असतो, कुठे व्यंजन, कुठे शब्दाचं डोकं, कुठे शेपूट. परकी भाषा शिकणारा माणूस शब्दाचा साधारण आकार लक्षात ठेवतो आणि नेमका फरकाचा तुकडा निसटू देतो. साधा स्पेलिंग-तपासनीस इथे फारसा कामी येत नाही, कारण लिहिलेला शब्द शब्दकोशात असतोच. तो फक्त चुकीच्या वाक्यात बसलेला असतो.

मला या विषयात एकच गोष्ट मनापासून सांगायची आहे. या जोड्या योगायोगाने सारख्या दिसत नाहीत. बहुतेक वेळा ते एकाच घराण्यातले शब्द असतात, आणि ते घराणं कळलं की पाठांतराची गरज पुष्कळ कमी होते.

आपण मराठी माणसं हे रोज करतो, फक्त त्याकडे आपलं लक्ष जात नाही. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे पाच शब्द परक्या माणसाला भोवळ आणतील. पण 'आहार घेतला' म्हणायच्या जागी 'संहार घेतला' असं आपण चुकूनही म्हणत नाही. 'हृ' हा धातू एकच, पुढे लागलेला उपसर्ग अर्थ कुठच्या कुठे नेतो. अपेक्षा आणि उपेक्षा यांत लिहिताना एका अक्षराचा फरक आहे, अर्थात मात्र आभाळाएवढा. आपल्याला 'अप' आणि 'उप' इतर कितीतरी शब्दांतून ओळखीचे झालेले असतात, म्हणून गडबड होत नाही. इंग्रजीने लॅटिनमधून हजारो शब्द उचलले ते असेच, उपसर्गांसकट. उपसर्ग ओळखीचे नसल्यामुळे ते आपल्याला एकसारखे वाटतात.

सगळ्यांत जास्त छळणाऱ्या जोडीपासून सुरुवात करू: ॲफेक्ट आणि इफेक्ट. दोन्हींच्या पोटात 'फाकेरे' हे लॅटिन क्रियापद आहे, अर्थ 'करणे'. पहिल्याच्या आधी 'ॲड' आहे, म्हणजे 'कडे, वर'. दुसऱ्याच्या आधी 'एक्स' आहे, म्हणजे 'बाहेर'. पुढच्या 'एफ'ला चिकटताना 'ॲड'चा 'ॲफ' झाला आणि 'एक्स'चा 'एफ', म्हणून दोन्हींत 'डबल एफ' दिसतो. आता अर्थ आपोआप उलगडतो. ॲफेक्ट म्हणजे एखाद्या गोष्टीवर काही करणं, तिच्यावर परिणाम घडवणं, हे क्रियापद. इफेक्ट म्हणजे केलेल्यातून जे बाहेर पडलं ते, म्हणजे परिणाम; हे नाम. ताण झोपेला ॲफेक्ट करतो, आणि झोपमोड हा ताणाचा इफेक्ट असतो.

पण मराठी माणसाची अडचण इथे संपत नाही. 'परिणाम' हे नाम आणि 'परिणाम होणे' हे क्रियापद, दोन्हीकडे आपला शब्द एकच. बोलतानाही आपण 'त्याचा माझ्यावर इफेक्ट झाला' असंच म्हणतो. मग इंग्रजीत वाक्य लिहायची वेळ आली की हात सवयीने 'ई' लिहितो. म्हणून लिहिण्याआधी मराठीत स्वतःला विचारावं: मला 'परिणाम' म्हणायचंय की 'परिणाम होतो' म्हणायचंय? 'होतो' असेल तर 'ए'.

या नियमाला दोन अपवाद आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत, नाहीतर पुढे कधीतरी चकायला होतं. इफेक्ट हे क्रियापद म्हणूनही येतं, तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणे'. एखादा बदल इफेक्ट केला, म्हणजे तो प्रत्यक्ष घडवून आणला. ॲफेक्ट केला असता तर आधीच चाललेल्या बदलावर फक्त प्रभाव टाकला, असा अर्थ झाला असता. आणि मानसशास्त्रात ॲफेक्ट हे नाम आहे: चेहऱ्यावरून, आवाजावरून जाणवणारा भाव. तिथे उच्चारताना जोरही शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, 'ॲ'वर येतो. दोन्ही अपवाद मूळ अर्थाला धरूनच आहेत: 'बाहेर काढलं' म्हणजे घडवून आणलं, आणि 'मनावर झालं' म्हणजे भाव.

एमिनन्ट आणि इमिनन्ट ही जोडीही तशीच. दोन्हींच्या मुळाशी 'पुढे आलेलं असणं' आहे, एखादा कडा पुढे आलेला असतो तसं. एमिनन्टमध्ये तो कडा बाकीच्यांतून बाहेर, वर आलेला आहे: नामवंत, उठून दिसणारा. इमिनन्टमध्ये तोच कडा तुमच्या डोक्यावर झुकलेला आहे: आता कोसळेल, अगदी येऊन ठेपलेलं. म्हणून शास्त्रज्ञ एमिनन्ट असतो आणि वादळ इमिनन्ट. एकदा तो कडा डोळ्यांसमोर आला की ही जोडी पुन्हा पाठ करावी लागत नाही.

प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण इथे एक स्वर चुकला तर अर्थ उलटा होतो. 'स्क्राइब' म्हणजे लिहिणं. 'प्री' म्हणजे आधी. डॉक्टर औषध घेण्याआधी कागदावर लिहून देतात, नियम आधी लिहून ठेवलेला असतो, ते प्रिस्क्राइब. 'प्रो' म्हणजे पुढे, सर्वांसमोर. आता सर्वांसमोर लिहिण्याचा आणि बंदीचा काय संबंध? त्यासाठी रोममध्ये जावं लागतं. इसवी सनापूर्वी 82 साली सुल्ला या सेनापतीने यादवी युद्ध जिंकलं आणि आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या भर चौकात लावल्या. यादीत ज्याचं नाव आलं त्याला कायद्याचं संरक्षण उरत नसे. त्याला कोणीही मारावं आणि बक्षीस न्यावं. त्याची मालमत्ता जप्त होई. 'सर्वांसमोर नाव लिहिणं' या साध्या क्रियेला त्या याद्यांनी जो अर्थ चिकटवला, तो दोन हजार वर्षांनंतरही सुटलेला नाही. आज प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणं. बंदी घातलेल्या संघटनेला इंग्रजीत प्रोस्क्राइब्ड म्हणतात ते यामुळेच. एखादी गोष्ट करायलाच हवी असं सांगणारं वाक्य एका 'ओ'मुळे ती करायलाच नको असं सांगू लागतं.

आता दुसरी तऱ्हा. उपसर्गही नाही, धातूही वेगळा नाही. शब्द मुळात एकच, पण त्याचे दोन झाले. हेही आपल्या घरात आहे. 'कर्म' आणि 'काम' मुळात एकच शब्द, 'क्षेत्र' आणि 'शेत' एकच, 'स्थान' आणि 'ठाणं' एकच. वेगवेगळ्या वाटांनी आले, वेगवेगळे अर्थ घेऊन बसले. इंग्रजीत अशी भावंडं शेकड्यांनी आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातली कितीतरी आजही जवळजवळ तशीच लिहिली जातात.

स्टेशनरी घ्या. 'ए-आर-वाय' असा शेवट असेल तर अर्थ 'जागेवर स्थिर'. 'ई-आर-वाय' असेल तर कागद, पेन, पाकिटं. स्थिर असण्याचा आणि कागद-पेनाचा संबंध काय? मध्ययुगीन युरोपात बहुतेक माल डोक्यावर, खांद्यावर घेऊन फिरते विक्रेते विकायचे. पुस्तकं विकणारे मात्र एका जागी ठाण मांडून बसत, बहुधा विद्यापीठाच्या आसपास. एका ठिकाणी स्थिर म्हणून त्यांना लॅटिनमध्ये 'स्टेशनारियस' म्हणू लागले, त्याचं इंग्रजीत 'स्टेशनर' झालं. लंडनमध्ये या लोकांचा संघ 1403 साली स्थापन झाला आणि 1557 साली त्याला राजाज्ञेची सनद मिळाली. पुढे इंग्लंडमधल्या छपाईवर या संघाचा मोठा अंमल चालला. स्टेशनर विकतो ती स्टेशनरी, जसं बेकरची ती बेकरी. बेकरमध्ये 'ई-आर' आहे, स्टेशनरमध्येही 'ई-आर' आहे, म्हणून कागद-पेनाच्या स्टेशनरीत 'ई'. ज्याला हा ठाण मांडून बसलेला पुस्तकविक्या दिसला, त्याचा 'ई' कधी चुकणार नाही.

कॉम्प्लिमेंटची दोन रूपंही सख्खी भावंडं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'पुरं करणं, भरून काढणं'. थेट लॅटिनमधून आलेल्या रूपात 'ई' राहिला आणि अर्थही जुनाच राहिला: पूरक. भूमितीत दोन कोनांची बेरीज 90 अंश झाली की ते एकमेकांचे पूरक, कॉम्प्लिमेंटरी, आणि तिथे 'ई'च असतो. कम्प्लीट या शब्दातही 'पी-एल'नंतर 'ई' येतो, तीच खूणगाठ बांधावी. दुसरं रूप दक्षिण युरोपातल्या भाषांमधून फिरून, फ्रेंचमार्गे आलं. तिथे 'पुरं करणं'चा अर्थ 'शिष्टाचार पुरा करणं' झाला होता. शिष्टाचारातून गोड बोलणं, गोड बोलण्यातून स्तुती. शिष्टाचार म्हणून फुकट दिलेल्या पासलाही म्हणूनच 'आय'वाला कॉम्प्लिमेंटरी म्हणतात.

डिस्क्रीटचंही तसंच. मूळ अर्थ 'वेगळं काढलेलं'. 'ई-टी-ई' असा शेवट असलेलं रूप त्या अर्थाला धरून राहिलं: सुटं, स्वतंत्र. गणिताची एक शाखा डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स म्हणून ओळखली जाते ती यामुळे, कारण तिथे सलग वाहणाऱ्या राशी नसतात, सुट्या मोजता येणाऱ्या गोष्टी असतात. 'डबल ई-टी' असा शेवट असलेलं रूप माणसांकडे वळलं: कुठे काय बोलावं आणि काय बोलू नये हे वेगळं काढता येणारा, म्हणजे सारासार पाहणारा, गुपित राखणारा. इथे एक सोपी युक्ती चालते. सुट्या अर्थाच्या शब्दात मधला 'टी' दोन 'ई'ंना सुटं करतो. एरवी मला अशा युक्त्या फार आवडत नाहीत, कारण त्या पन्नास झाल्या की त्याच पाठ कराव्या लागतात. पण ही युक्ती अर्थच दाखवते, म्हणून सांगावीशी वाटली.

फ्लॉवर म्हणजे फूल आणि त्याच उच्चाराचा, पण 'यू-आर'ने संपणारा शब्द म्हणजे पीठ. हे दोन शब्द मुळात एकच होते. दळलेल्या धान्यातला सर्वांत बारीक, सर्वांत उत्तम भाग म्हणजे त्याचं 'फूल'. शतकानुशतकं दोन्ही अर्थांना एकच स्पेलिंग चालत होतं. सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध शब्दकोश 1755 साली आला, त्यातही ही फारकत झालेली नव्हती. 'मेटल' म्हणजे धातू, आणि 'डबल टी-एल-ई'वाला मेटल म्हणजे माणसाची धमक, हेही मूळचे एकच; माणूस कुठल्या धातूचा आहे, असा तो विचार. क्वायट म्हणजे शांत आणि क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी, पुरतं. लिहिताना यांची 'ई' आणि 'टी' हमखास अदलाबदल होते. या दोघांच्याही मागे 'शांत, मोकळा' अशा अर्थाचा एकच लॅटिन शब्द आहे. देण्यातून पुरता मोकळा झालेला तो 'क्वाइट', आणि त्यातला 'पुरता' तेवढा पुढे शिल्लक राहिला.

असं का झालं, हा प्रश्न इथे पडायला हवा. विल्यम कॅक्स्टनने 1476 च्या सुमारास इंग्लंडमध्ये पहिला छापखाना घातला, तेव्हा इंग्रजी स्पेलिंगला पक्के नियम नव्हते. एकाच पानावर एक शब्द दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडे आणि कोणाला त्यात वावगं वाटत नसे. छपाई पसरली, शब्दकोश आले, तेव्हा पडून असलेल्या दोन स्पेलिंगांना काम मिळालं: एक अर्थ याला, दुसरा त्याला. म्हणजे हे फरक कोणी शिकणाऱ्याला छळायला केलेले नाहीत. वाचणाऱ्याला अर्थ चटकन कळावा म्हणून ते हळूहळू घडत गेले. आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'पाणि' आणि 'पाणी' यांत ऱ्हस्व-दीर्घ जे काम करतो, तेच इंग्रजीत एखादा 'ई' किंवा 'आय' करतो. फरक इतकाच, की आपला ऱ्हस्व-दीर्घ निदान कानाला ऐकू येऊ शकतो. तिकडे पुष्कळदा उच्चार अगदी एक असतो.

जिथे उच्चार वेगळा आहे तिथे मात्र कानाचा फायदा घ्यायलाच हवा, आणि आपण तो घेत नाही. ॲडव्हाइस म्हणजे सल्ला, ॲडव्हाइज म्हणजे सल्ला देणं. नामात 'सी', क्रियापदात 'एस'. नामाच्या शेवटी 'रस'मधला स, क्रियापदाच्या शेवटी 'जोर'मधल्यासारखा ज. डिव्हाइस आणि डिव्हाइज तसंच: उपकरण, आणि युक्ती योजणं. या दोन जोड्यांवरून प्रॅक्टिस आणि लायसन्स सुटतात. त्यांचा उच्चार दोन्हीकडे सारखाच असला, तरी ब्रिटिश पद्धतीत नामाला 'सी' आणि क्रियापदाला 'एस' हाच नियम. अमेरिकेत प्रॅक्टिस सगळीकडे 'सी'ने आणि लायसन्स सगळीकडे 'एस'ने लिहितात. कुठलीही पद्धत धरा, पण एका लेखात एकच.

इथेही मराठीची सवय आडवी येते. आपण परक्या नामाला 'करणे' किंवा 'देणे' जोडतो आणि क्रियापद तयार होतं: प्रॅक्टिस करणे, ॲडव्हाइस देणे. नाम आणि क्रियापद यांचं रूप बदलू शकतं ही जाणीवच त्यामुळे बोथट होते. इंग्रजीत हा बदल जुना आणि पद्धतशीर आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला शेवटी आणखी एक स्वर लागायचा, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेलं व्यंजन मऊ, घोष (घशातून नाद येणारं) व्हायचं. तो शेवटचा स्वर बोलण्यातून केव्हाच गेला, मऊपणा मात्र राहिला. म्हणून ब्रेथ म्हणजे श्वास पण ब्रीद म्हणजे श्वास घेणं, बिलीफ म्हणजे विश्वास पण बिलीव्ह म्हणजे विश्वास ठेवणं, हाफ म्हणजे अर्धं पण हाव्ह म्हणजे अर्धं करणं. बाथ आणि बेद, क्लॉथ आणि क्लोद याच रांगेतले. शेवटी मुका 'ई' दिसला आणि व्यंजन मऊ ऐकू आलं, की ते क्रियापद असण्याची शक्यता दाट.

पत्रातल्या त्या मुलाचं 'लूज' याच ठिकाणी अडकलं होतं. गमावणं म्हणजे लूज, एक 'ओ', शेवट मऊ ज. सैल म्हणजे लूस, दोन 'ओ', शेवट कडक स. मग इतके लोक दोन 'ओ' का लिहितात? कारण 'चूज', म्हणजे निवडणं, हा शब्द लूजशी यमक जुळवतो आणि त्यात दोन 'ओ' आहेत. कान जे ऐकतो, त्याला हात चूजचं स्पेलिंग देतो. चूक करणाऱ्याचा तर्क बरोबर असतो, इंग्रजी स्पेलिंगच तिथे तर्काला साथ देत नाही. अशा वेळी त्याला 'एवढंही येत नाही का' असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शेपटांबद्दल थोडक्यात. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात नोंद व्हावी इतकं मोठं, ऐतिहासिक महत्त्वाचं. हिस्टॉरिकल म्हणजे नुसतं इतिहासाशी संबंधित, मग ते महत्त्वाचं असो की नसो. यावरून 'इक' म्हणजे मोठं आणि 'इकल' म्हणजे संबंधित असा नियम करायला जाल तर इकॉनॉमिक तो मोडून टाकतं: इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेशी संबंधित आणि इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं. इथे खरोखर शब्दागणिक पाहावं लागतं. सेन्सिबल आणि सेन्सिटिव्ह यांत पहिला समंजस, दुसरा हळवा किंवा संवेदनशील. सेन्शुअल हा शब्द देहसुखाकडे झुकलेला, म्हणून कवी जॉन मिल्टनने 17व्या शतकात सेन्शुअस हा निराळा शब्द वापरात आणला, इंद्रियांना जाणवणाऱ्या सौंदर्यासाठी. लोकांनी मात्र पुढे दोन्ही पुन्हा मिसळून टाकले.

नकाराच्या उपसर्गांनी तर फसवणूकच होते. 'इन' म्हणजे 'नाही' असं शिकलेला माणूस इनफ्लेमेबल म्हणजे 'न पेटणारं' असं समजतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'सहज पेट घेणारं'. इथला 'इन' नकाराचा नाही, 'आत, मध्ये' या अर्थाचा आहे. आतून ज्वाळा धरणं. ही समजूत जिवावर बेतू शकते, म्हणून अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक संस्थांनी 1920 च्या दशकापासून फ्लेमेबल हाच शब्द वापरण्याचा आग्रह धरला. ज्वलनशील मालाच्या पाट्यांवर आज बहुधा तोच दिसतो. म्हणजे फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल दोन्हींचा अर्थ एकच, आणि पेट न घेणाऱ्यासाठी नॉनफ्लेमेबल. डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही असा निःपक्ष माणूस, आणि अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही तो. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड नसावा.

एका अक्षराने एवढं काय बिघडतं, असं कोणाला वाटत असेल तर ब्रिटनमधलं एक प्रकरण सांगतो. 2009 साली तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयात 'टेलर अँड सन' ही कंपनी गुंडाळल्याची नोंद करायची होती. ती पडली 'टेलर अँड सन्स' या वेगळ्याच कंपनीच्या नावावर. एक 'एस' जास्त. ही दुसरी कंपनी वेल्समधली, शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली, अडीचशेच्या आसपास माणसं कामाला. नोंद लवकरच दुरुस्त झाली, पण तोवर खबर पसरली होती. पुरवठादारांनी उधारीवर माल देणं थांबवलं आणि कंपनी बुडाली. 2015 साली हायकोर्टाने नोंदणी कार्यालयाला त्याबद्दल जबाबदार धरलं.

औषधांच्या बाबतीत तर हा रोजचा धोका आहे. हायपर म्हणजे वर, जास्त. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपरग्लायसेमियात रक्तातली साखर वाढलेली असते, हायपोग्लायसेमियात उतरलेली, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट. हायड्रॉक्सिझिन हे ॲलर्जी, खाज यांसाठी दिलं जातं आणि हायड्रॅलाझिन रक्तदाबासाठी. इंग्रजीत दोन्हींची सुरुवात आणि शेवट हुबेहूब सारखे. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2001 साली अशा नावांचा फरकाचा तुकडा तेवढा मोठ्या लिपीत, कॅपिटल अक्षरांत छापण्याची पद्धत सुचवायला सुरुवात केली. बाकीचं नाव लहान अक्षरांत, मधला वेगळा भाग उठून दिसणारा. तिथे 1990 मध्ये लोसेक या औषधाचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं, कारण लॅसिक्स या दुसऱ्याच औषधाशी त्याची गल्लत होत होती.

फरकाचा तुकडा मोठ्या अक्षरांत, ही कल्पना शिकणाऱ्यानेही उचलावी. वहीत शब्द लिहिताना अख्खा शब्द दहादा गिरवण्यापेक्षा जिथे फरक आहे तेवढंच अक्षर ठळक लिहा आणि त्या अक्षराचा अर्थाशी काय संबंध आहे ते शेजारी एका ओळीत मराठीत लिहा. जोडीतला एकच शब्द आधी घ्या. तो आठ-पंधरा दिवस वापरून अंगवळणी पडला की मगच दुसऱ्याकडे जा. प्रिन्सिपलमध्ये मी मुलांना आधी फक्त 'ए-एल'वाला शिकवतो: मुख्य. प्राचार्य म्हणजे मुख्य शिक्षक, कर्जातलं मुद्दल म्हणजे मुख्य रक्कम, सगळे एका अर्थाने बांधलेले. हे पक्कं झालं की तत्त्वासाठी दुसरं स्पेलिंग उरतं, आणि रूल म्हणजे नियम हा शब्दही 'एल-ई'नेच संपतो हे सांगितलं की पुरतं. शब्दकोश उघडाल तेव्हा अर्थाखाली लहान अक्षरात दिलेली व्युत्पत्तीही वाचा. बहुतेक लोक ती ओळ सोडून देतात, आणि सगळी गोष्ट तिथेच असते.

एका शब्दाचे दोन होणं अजून थांबलेलं नाही. ब्रिटनमध्ये कार्यक्रमाचा प्रोग्रॅम 'डबल एम-ई'ने संपतो, पण कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम तिथेही एका 'एम'ने लिहितात. कॉम्प्युटरमधली चुंबकीय डिस्क 'के'ने लिहिली जाते आणि गाण्यांची चकचकीत तबकडी 'सी'ने. शब्द तोच आहे, अर्थही जवळजवळ तोच, आणि फारकत झाली ती आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या काही दशकांत.